दाराबाहेरचे आई-बाप

१८ मे १९०० च्या रात्री लंडनमध्ये झोपायला कुणी तयार नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग या आडगावाला बोअर सैन्याने घातलेला वेढा २१७ दिवसांनी उठल्याची बातमी आली आणि लोक टोप्या उडवत, गाणी म्हणत रस्त्यावर उतरले. त्यातला एक लोंढा हाइड पार्क कॉर्नरजवळच्या एका घरासमोर जाऊन थांबला. त्या घरात पंचाहत्तरीची एक विधवा राहत होती, हेन्रिएटा ग्रेस बेडन-पॉवेल. मॅफेकिंग लढवणारा कर्नल रॉबर्ट हा तिचा मुलगा. नवरा ऑक्सफर्डचा प्राध्यापक होता. तो गेला तेव्हा रॉबर्ट जेमतेम तीन वर्षांचा. बाई खंबीर आणि महत्त्वाकांक्षी. १८६९ मध्ये तिने नवऱ्याचं पहिलं नाव, बेडन, हे पॉवेल या आडनावाला जोडून टाकलं आणि मुलांना एक नवं, चारचौघांत उठून दिसणारं आडनाव दिलं. त्या रात्री तेच आडनाव अख्खं लंडन ओरडत होतं.

आईला याहून जास्त काय हवं असतं!

पण याच मुलाने सात वर्षांनी जे काम हाती घेतलं, त्यात आई-बापांना जवळपास जागाच नव्हती. १ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर त्याने वीसेक मुलांचं शिबिर भरवलं. काही मुलं ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, काही पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या कामकरी घरांतली. श्रीमंतांच्या मुलांना फी एक पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. तंबूत झोपायचं, चूल स्वतः पेटवायची, माग काढायला शिकायचं आणि साहेबांनी आफ्रिकेतून आणलेल्या कुडू हरणाच्या शिंगाचा आवाज झाला की उठायचं. पत्रं आई-बापांना गेली होती, बोलावणं मात्र मुलांना होतं. पुढच्या वर्षी ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ हे त्याचं पुस्तक पंधरवड्याच्या सहा भागांत निघालं, मुलांनी ते खाऊच्या पैशातून घेतलं आणि पालकांना कळायच्या आत गल्लोगल्ली पथकं उभी राहिली.

इतर कुठल्याही यशात आई-बापांना बघायला मिळतं. गाण्याच्या परीक्षेला ते बाहेर बाकावर बसून सूर ऐकतात, क्रिकेटच्या सामन्याला झाडाखाली डबा घेऊन बसतात, शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेसाठी भांडतात. स्काऊटिंगचा बेतच वेगळा. मुलाने जे करून दाखवायचं ते आई-बाप जवळ नसताना, आणि जवळ नसतील तरच ते धरलं जाणार. तेव्हा त्यांच्या वाट्याला येणारा अभिमान हा न बघितलेल्या गोष्टीचा अभिमान असतो. ऐकीव. खांद्याला लावून आणलेल्या कापडी बॅजवरून अंदाजाने बांधलेला.

मराठी वाचकाला हे तसं परकं नाही. ‘श्यामची आई’मधला पोहण्याचा प्रसंग आठवावा. भित्र्या श्यामला विहिरीवर पाठवायला त्या माउलीला हातात फोक घ्यावा लागतो. पोरगं पाण्यात पडतं तेव्हा ती काठावर नसते. घरी असते.

वेढ्याच्या काळात मॅफेकिंगमध्ये नऊ वर्षांपासून पुढच्या मुलांचं एक पथक होतं. ही मुलं निरोप पोचवायची, पहारा द्यायची, आधी गाढवावरून आणि मग सायकलवरून. त्यांचा म्होरक्या वॉर्नर गुडइयर, वय तेरा-चौदाच्या आतलं. गावात टपाल तिकिटं संपली तेव्हा जी नवी छापली, त्यातल्या एका निळ्या एक पेनीच्या तिकिटावर सायकलवर बसलेला हाच मुलगा आहे. राजाराणीऐवजी शेजारचं पोर तिकिटावर आलं, असा मान फार थोड्या घरांना मिळाला असेल. अर्थात त्याच गावात काळ्या रहिवाशांच्या वाट्याचं धान्य कापलं गेलं आणि त्यांच्यात उपासमार झाली, हेही इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. मॅफेकिंगचा अभिमान सगळ्याच आयांच्या वाट्याला आला नव्हता.

भारतात तर तो वर्षानुवर्षं आला नाही. १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी पोरांना माग काढायला, खुणांची भाषा वापरायला आणि रात्री नकाशावरून वाट शोधायला शिकवणं सरकारला धोक्याचं वाटत होतं. ज्या काळात खुदीराम बोस अठराव्या वर्षी फासावर गेला, त्या काळात इंग्रजांना ही भीती वाटली यात नवल नाही. नवल दुसऱ्याच गोष्टीचं. छोट्या मुलांसाठी १९१६ मध्ये कब पथकं निघाली ती रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’वर बेतलेली. अकेला, बालू, बघीरा ही नावं आपली, सिवनीचं रान आपलं, नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यावरचं. किपलिंगचा जन्मही मुंबईचा. स्काऊट अजूनही जो ‘किमचा खेळ’ खेळतात, ताटातल्या वस्तू मिनिटभर बघून मग आठवून सांगायच्या, तो ज्या कादंबरीतून आला तिच्यात किम तो खेळ सिमल्यात शिकतो. म्हणजे रान आपलं, लांडगे आपले, खेळ आपला. गणवेश तेवढा आपल्या मुलांना मिळत नव्हता.

ती कोंडी फोडणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक नागपूरचा. व्हिव्हियन बोस, नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस यांचा नातू. १९१३ मध्ये मध्य प्रांतात त्याने हिंदी मुलांसाठी स्काऊटिंग सुरू केलं, तेव्हा तो बाविशीतला बॅरिस्टर होता. पुढे हाच माणूस सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला आणि त्याच्या निकालांची इंग्रजी भाषा वकील आजही वाखाणतात. पुढच्या चार-पाच वर्षांत मद्रासमध्ये ॲनी बेझंट, अलाहाबादेत मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू अशी मंडळी पुढे आली. १९३७ च्या दिल्लीतल्या जांबोरीच्या, म्हणजे स्काऊटांच्या मोठ्या मेळाव्याच्या, सुमारास बेडन-पॉवेलने भारतीयांच्या चारित्र्याविषयी काही अनुदार शेरे मारले, त्यावरून वादळ उठलं आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी झाली. ही भांडणं स्वातंत्र्यानंतर मिटली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’ जन्माला आली, पुढच्या वर्षी मुलींची संघटनाही तिच्यात आली. पहिले राष्ट्रीय आयुक्त कुंझरूच, जे गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते.

इतका इतिहास सांगायचं कारण एवढंच, की आज सातारा किंवा परभणीच्या एखाद्या बापाला मुलाच्या गळ्यातला स्कार्फ बघून बरं वाटतं, त्या बरं वाटण्यासाठी दोन पिढ्या भांडल्या आहेत. बापाला ते माहीत असायची गरज नाही.

या अभिमानाचा सगळ्यात जड प्रसंग मात्र लंडनच्या पूर्वेकडच्या एका गरीब घरातला आहे. जॅक कॉर्नवेल हा मॅनर पार्क भागातला स्काऊट. महायुद्धात आरमारात भरती झाला. ३१ मे १९१६ च्या जटलंडच्या लढाईत ‘चेस्टर’ या युद्धनौकेवर त्याच्या तोफेभोवतीची माणसं पडली आणि जबर जखमी असतानाही सोळा वर्षांचा जॅक हुकमाची वाट बघत तोफेपाशी उभा राहिला. २ जूनला ग्रिम्सबीच्या इस्पितळात तो गेला. आई निघाली होती, पण पोचेपर्यंत उशीर झाला होता. आधी त्याला सामायिक थडग्यात पुरलं. वर्तमानपत्रांनी ओरड केली तेव्हा जुलैत लष्करी इतमामाने पुन्हा दफन झालं, अंत्ययात्रेत स्काऊट मुलंही चालली. सप्टेंबरात व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ऑक्टोबरात बाप वारला आणि मुलाच्याच थडग्यात विसावला. नोव्हेंबरात आई एकटीच बकिंगहॅम राजवाड्यात गेली आणि राजाच्या हातून तिने ते पदक घेतलं.

त्याच्या नावाने शाळाशाळांतून निधी गोळा झाला, त्याची चित्रं वर्गावर्गांत लागली, स्काऊट संघटनेने शौर्यासाठी कॉर्नवेल बॅज सुरू केला, तो आजही आहे. आई मात्र १९१९ मध्ये भाड्याच्या खोलीत, हलाखीत गेली. देशाला अभिमान वाटला की घरातल्या माणसाचा अभिमान मागे सरतो आणि कुणी त्याची चौकशी करत नाही. ‘धन्य ती माउली’ असं भाषणात म्हणून टाकलं की लोकांना आपलं काम झालं असं वाटतं. त्या माउलीचं खोलीभाडं कोण देतं, हे भाषणात येत नाही.

आपल्याकडचा अभिमान सुदैवाने पुष्कळ लहान आणि पुष्कळ खमंग आहे.

महाराष्ट्रातलं स्काऊटिंग शाळेतून चालतं. शनिवारची सकाळ, राखाडी शर्ट, निळी पँट, वॉगलमध्ये अडकवलेला स्कार्फ, मैदानावर चुन्याची रेघ. कब, बुलबुल, मग बालवीर आणि वीरबाला. पायऱ्या ठरलेल्या: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला गाठी, प्रथमोपचार, कंपास, नकाशा, सेवा आणि शिबिर. २२ फेब्रुवारी हा बेडन-पॉवेल आणि त्याची बायको ओलाव्ह या दोघांचाही वाढदिवस, शाळेत तो चिंतन दिन म्हणून साजरा होतो. मुलं चिंतन करतात असं नाही, पण रांगेत नीट उभी राहतात.

आणि मग ‘खरी कमाई’. मूळ कल्पना सुरेख: मुलाने घरोघर जाऊन पडेल ते काम करायचं, अंगण झाडायचं, सायकल पुसायची, भाजी निवडून द्यायची, आणि मिळालेले पैसे पथकाच्या निधीत टाकायचे. विलायतेतल्या स्काऊटांचा असाच आठवडा असायचा. आपल्या कितीतरी शाळांत तिचा खाऊगल्लीचा मेळावा झालाय. पटांगणात टेबलं, टेबलांवर भेळ, वडे, आप्पे, खोबऱ्याच्या वड्या. स्काऊट ओरडून विकतात, सर लोक उधारीवर खातात. आता त्या वड्यांचं बटाट्याचं सारण आदल्या रात्री अकरा वाजता कोण परतत असतं? चटणी पहाटे कुणी वाटली? संध्याकाळी पोरगं घरी येऊन खिशातली चिल्लर पलंगावर ओततं आणि म्हणतं, आई, एवढी कमाई झाली! आणि ती आई, जिने तेल, बेसन, बटाटे आणि झोप अशी चार खाती खर्ची टाकलेली असतात, ती नफा-तोटा न मांडता शेजारच्या काकूंना सांगायला जाते. हिशेबाच्या दृष्टीने हा शुद्ध तोट्याचा धंदा आहे. पण खरं पाहिलं तर स्काऊटिंगच्या दृष्टीनेही तोटाच, कारण कमाई आईची झाली. बेडन-पॉवेलने आई-बापांना बेटाबाहेर ठेवलं ते याचसाठी.

बिनभांड्याच्या स्वयंपाकात मात्र आईला शिरकाव नाही. तिथे पातेलं, तवा, झारा काहीच चालत नाही. निखाऱ्यात बटाटे पुरायचे, पानात गुंडाळून कणकेचे गोळे भाजायचे, वांग्याचं भरीत करायचं, काडीला कणीक गुंडाळून आचेवर फिरवायची. शिबिराहून परतलेला मुलगा त्या अर्ध्या कच्च्या, अर्ध्या जळक्या जेवणाचं ज्या थाटात वर्णन करतो, ते ऐकताना घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर जे येतं त्यात कौतुक असतं आणि थोडी असूयाही असते. वर्षानुवर्षं गरम पोळ्या वाढल्या, तेव्हा हा थाट कधी ऐकायला मिळाला नव्हता.

चाचणी शिबिर हा याच्या पुढचा टप्पा. तंबूभोवती चर खणायचा, बांबू आणि सुतळीची चप्पल-मांडणी नाहीतर ताटं ठेवायचा ओटा बांधायचा, त्याला सगळे ‘गॅजेट’ म्हणतात. परीक्षक येऊन गाठ ओढून बघतो. सुटली तर सुटली. आई-बाप तिथे पन्नास-शंभर किलोमीटर लांब असतात, आणि फोनवर त्यांना उत्तर मिळतं ते एवढंच: बरंय, जेवलो, ठेवतो. रात्री शेकोटी होते, त्यात हा गप्प बसणारा मुलगा नकला करतो हे त्यांना पुढे कधीतरी कुणाच्या तरी मोबाइलवर दिसतं. मग आई तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघते. आवाज मोठा करून.

मुलींच्या आई-बापांचा अभिमान एक पायरी आणखी चढून येतो. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात बोलावणं नसताना मुली टोपी घालून हजर झाल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. बेडन-पॉवेलने त्यांची ‘गाईड’ म्हणून वेगळी व्यवस्था लावून दिली, बहीण ॲग्नेसच्या हाती सोपवून. भारतातली पहिली गाईड कंपनी १९११ ची, जबलपूरची. आणि पुण्यात येरवड्याला आळंदी रस्त्यावर ‘संगम’ हे गाईडांचं जागतिक केंद्र आहे, त्याचं उद्घाटन १६ ऑक्टोबर १९६६ रोजी खुद्द ओलाव्ह बेडन-पॉवेलने केलं. ज्या घरात मुलीला संध्याकाळी सातनंतर कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवत नाहीत, त्याच घराची सही तिच्या चार रात्रींच्या तंबू-शिबिराच्या संमतीपत्रावर होते, हा काही लहान बदल नाही. ती सही बहुधा आईच आधी करते. बाप मागाहून दोनदा वाचतो आणि विचारतो, बाईंचा नंबर घेतलास ना?

पुरस्कार मिळाला की पहिला प्रश्न ठरलेला: फायदा काय? फायदे आहेत. दहावीला सवलतीचे गुण आहेत, रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडांसाठी राखीव जागा आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुटपुंज्या पगाराच्या घरात राष्ट्रपतींच्या सहीचा कागद भिंतीवर लावायचा की फाइलमध्ये, याचा निर्णय पोटाकडे बघूनच होतो. एवढंच वाटतं, की गुणांचा हिशेब सुरू झाला की मुलाची गोष्ट संपते. रक्त थांबवायची पट्टी कशी बांधतात हे तो सांगत असतो आणि घरातले विचारत असतात, टक्का किती वाढला.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वळणावर उभी आहे, आणि तिथल्या मराठी घरांना तिने पेचात टाकलंय. तिथला सर्वोच्च मान म्हणजे ‘ईगल स्काऊट’. पहिला ईगल १९१२ चा, न्यू यॉर्कजवळचा आर्थर एल्ड्रेड. आज त्यासाठी किमान एकवीस बॅज लागतात, त्यांतले बरेच सक्तीचे. गावासाठी स्वतः आखून, माणसं जमवून पूर्ण केलेला एक सेवा-प्रकल्प लागतो, आणि सगळं अठरावा वाढदिवस उजाडायच्या आत. कॅम्पिंगच्या बॅजसाठी वीस रात्री तंबूत काढाव्या लागतात. ‘फॅमिली लाइफ’ नावाचा एक बॅज आहे, त्यात घरातली किमान पाच कामं नव्वद दिवस करून त्यांची नोंद ठेवायची असते. न्यू जर्सीच्या मराठी घरात चौदा वर्षांचा मुलगा रोज न सांगता भांडी लावतो आणि फ्रिजवरच्या कागदावर खूण करतो, तेव्हा आईला आधी वाटतं की याला काहीतरी मागायचंय.

पथकं पुष्कळदा चर्चच्या आश्रयाने चालतात, त्यामुळे शुक्रवारी रात्री मुलाला चर्चच्या तळघरात सोडून यायचं हा अनुभव सुरुवातीला थोडा बिचकवणारा. स्काऊटांना श्रद्धेचं कर्तव्य सांगितलेलं आहे, आणि तिथल्या हिंदू मुलांसाठी ‘धर्म’ आणि ‘कर्म’ अशी दोन पदकं आहेत. त्यासाठी मुलाला गीता समजावून सांगायची पाळी बापावर येते, आणि बाप रात्री गुपचूप वाचायला बसतो.

खरा पेच शेवटी येतो. ईगलच्या अर्जात मुलाला ओळखणाऱ्यांची नावं द्यावी लागतात, त्यात आई-बापांचंही नाव असतं. बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडून पत्र मागवतात: तुमच्या मुलाविषयी लिहा. आता मराठी बापाला हे काम सांगणं म्हणजे माशाला झाडावर चढायला सांगणं. आपल्याकडे मुलाचं कौतुक तोंडावर करत नाहीत. दृष्ट लागते. बाप जावयापाशी, साहेबापाशी, फार तर ट्रेनमधल्या अनोळखी माणसापाशी बोलतो, आणि तेही ‘ठीक करतो हो, अभ्यासात जरा कच्चा आहे’ अशा उलट्या चालीने. आजी कौतुक करते ती कानशिलावर बोटं मोडून, शब्द न वापरता. आई मीठ-मोहरी उतरवते. चारशे वर्षांची ही सवय, आणि समोर कोरा कागद: तुमच्या मुलात कोणते गुण दिसतात?

कित्येक बापांनी मग पहिला मसुदा शिफारसपत्रासारखा लिहिला असणार. उमेदवार मेहनती असून वक्तशीर आहे. बायकोने तो वाचून परत दिला असणार. दुसऱ्या मसुद्यात कुठेतरी बाप अडखळत लिहून जातो की प्रकल्पाच्या दिवशी पाऊस होता, मदतीला येणारी निम्मी मुलं आली नाहीत, आणि मी मदतीला पुढे झालो तर हा म्हणाला, बाबा, तुम्ही गाडीत बसा. ते वाक्य लिहिताना त्याला कळतं की आपण तक्रार लिहीत नाही आहोत.

आणि मग मुलाखत, ‘बोर्ड ऑफ रिव्ह्यू’. संघटनेच्या नियमावलीत स्वच्छ लिहिलंय की आपल्या मुलाच्या मंडळावर आई-बापांना बसता येत नाही, निरीक्षक म्हणूनही त्यांनी आत थांबू नये. आत चार-सहा अनोळखी मोठी माणसं. बाहेर घडीच्या खुर्च्यांवर नवरा-बायको. आत हशा पिकला तर आई नवऱ्याकडे बघते: काय बोलला असेल? तिला ते पुढेही नीट कळणार नसतं.

या संघटनेवर पालकांनी डोळे मिटून विश्वास टाकावा असा तिचा इतिहास नाही, हेही सांगायला हवं. लैंगिक शोषणाच्या दाव्यांखाली ती २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, ब्याऐंशी हजारांहून जास्त दावे दाखल झाले आणि सुमारे २४६ कोटी डॉलरची भरपाई ठरली. एकटा प्रौढ मुलांबरोबर कधीच असता कामा नये, किमान दोघे हवेत, हा तिथला नियम आहे, आणि तो लोकांनी फार मोठी किंमत मोजल्यावर कडक झाला. तेव्हा दाराबाहेर बसण्याचीही एक रीत असते: दार बंद, पण आत कोण आहे ते माहीत हवं. मुलींना २०१९ पासून या पथकांत प्रवेश मिळाला आणि २०२१ मध्ये पहिल्या जवळपास हजार मुली ईगल झाल्या. फेब्रुवारी २०२५ पासून संघटनेने नावही बदललंय, आता ती ‘स्काऊटिंग अमेरिका’ आहे.

शिखरावर न पोचलेल्यांचं काय? नील आर्मस्ट्राँग ईगल होता, अपोलो ११ मधून चंद्राकडे जाताना त्याने आयडाहोतल्या जांबोरीला जमलेल्या स्काऊटांना नमस्कार सांगितला. त्याच्यामागून चंद्रावर उतरलेला बझ ऑल्ड्रिन मात्र अगदी खालच्या, ‘टेंडरफूट’ पायरीवर थांबलेला स्काऊट. बिल गेट्सचे वडील ईगल, बिल स्वतः एक पायरी आधी थांबला. या घरांत अभिमानाची फार ओढाताण झाली असेल असं वाटत नाही.

सोहळा असतो त्या दिवशी नियमावली आई-बापांना अचानक मंचावर बोलावते. मुलगा आईच्या पदराला छोटा ईगल पिन लावतो, बापाच्या कोटाला दुसरा. रेशमी साडीला टाचणी लावताना मुलाचा हात थरथरतो, आई पुटपुटते, जपून, काठाला भोक पाडशील. मग त्याने दोन मिनिटं बोलायचं असतं, आणि तो पथकाच्या सरांचे आभार मानतो, मित्रांचे मानतो, आणि आई-बापांसाठी एकच वाक्य ठेवतो, ज्यावर सगळे हसतात. मागच्या टेबलावर बटाटेवडे असतात, ते रात्री अकरा वाजता कुणी केलेत ते सांगायला नको.

भारतात तेव्हा पहाट. सांगलीला फोन लागलेला असतो, कुणीतरी तो हात उंच करून धरलेला. सोहळा संपल्यावर आजोबांचा पहिला प्रश्न येतो: याचा पुढे नोकरीत काही उपयोग? बाप सांगतो, इथल्या सैन्यात भरती झाला तर सुरुवातीलाच वरच्या श्रेणीचा पगार मिळतो, अण्णा. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग आजीचा आवाज, फोन हिसकावून घेतल्यासारखा:

“सैन्यात-बिन्यात काही नको हो. त्याला विचार, भात खरंच चुलीवर केला होता का? पाणी किती घातलं होतं?”